शेपटी नसलेला फुगा

३ मार्च, सोमवार

आजपासून लिहिणार. वही जुनीच आहे, वापरलेली पानं फाडून टाकली. हे कुणाला सांगण्यासारखं नाही. ह्यांना सांगितलं तर "बरं" म्हणतात आणि पुन्हा कुणाचा तरी पाण्याचा पंप उघडून बसतात.

काल रविवारच्या पुरवणीत दादाची मुलाखत आली. 'मिरी आणि फौजदार' या त्याच्या चित्रमालिकेला या महिनाअखेर चाळीस वर्षं होतात, म्हणून अर्धं पान. वर दादाचा फोटो, उजवा हात खिशात घालून, जणू गल्ली विकत घ्यायला निघालाय. "मिरी मला एका सकाळी अचानक सुचली," म्हणतो. आणि शेवटून तिसऱ्या ओळीत मी: "अक्षरं तेवढी बहीण लिहिते."

तेवढी!

चाळीस वर्षं रोज चार चौकटी, रविवारी सहा. दादा पेन्सिलीने काढतो, त्यावर शाई मी फिरवते. मिरीच्या वेण्या, फौजदाराचा काळा कान, फाटकाच्या सळ्या, सगळं माझ्या टाकातून उतरतं. बोलण्याचे फुगे मी काढते, फुग्यातली अक्षरं मी लिहिते, फुग्याची शेपटी कुणाच्या तोंडाकडे वळवायची ते मी बघते. दादाची पेन्सिल निळी. निळं छपाईत उमटत नाही, म्हणून तर ती वापरतात. म्हणजे खरं बोलायचं तर त्याच्या हातची एकही रेघ आजवर कुणी पाहिलेली नाही.

आणि मिरी सुचली म्हणे. मला घरात मिरीच म्हणायचे, मिऱ्याएवढी होते आणि तेवढीच तिखट म्हणून. फौजदार माझा कुत्रा होता. आयत्या बिळावर नागोबा बघायचा असेल तर आमच्या दादाकडे बघावं.

हे मी सोडणार नाही. काय करणार ते अजून माहीत नाही, पण सोडणार नाही.

५ मार्च, बुधवार

पुढच्या आठवड्याची पानं वहिनी घेऊन आल्या. हल्ली दादा स्वतः येत नाही, वहिनींना पिटाळतो. पानं बघून तळपायाची आग मस्तकात गेली. पेन्सिल इतकी पुसट की खिडकीशी धरावी लागते. मिरीचा चेहरा म्हणजे एक गोळा आणि दोन ठिपके. फौजदाराला पाय तीनच. फुग्यांना वर्षभरापासून शेपट्या नाहीत. "शेपट्या तू दे" असं एकदा सांगितलं होतं, झालं. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि मुलाखतीत सांगायचं की बहीण तेवढी अक्षरं लिहिते.

हे चहा पिताना पानाकडे बघून म्हणाले, "अगं, दादांचा हात बरा आहे ना?"

"हाताला काय धाड भरलीय? फोटोत बघा की, कसा ऐटीत खिशात घातलाय."

"बरं," म्हणाले.

६ मार्च, गुरुवार

आता सहीचाही शिक्का करून घेतलाय. रबरी. कोपऱ्यात तिरका मारलेला. सही करायलासुद्धा सवड नाही साहेबांना.

९ मार्च, रविवार

दादाकडे जाऊन आले. 'तेवढी'चा जाब विचारायचा, असं ठरवूनच गेले होते.

दार वहिनींनी उघडलं. दादा आत तयार होत होता. पाच मिनिटांनी बाहेर आला तर वहिनी मागून त्याच्या बाहीचं बटण लावत येत होत्या. चौसष्ट वर्षांचा बाप्या, आणि बटण बायकोने लावायचं! चहा आला. माझा कप भरलेला, त्याचा अर्धा, आणि त्यालाही त्याने शेवटपर्यंत हात लावला नाही. माझ्यासमोर चहा पिणंही कमीपणाचं झालंय बहुतेक.

"दादा, अक्षरं तेवढी?" मी सरळच विचारलं.

तो खिडकीबाहेर बघत राहिला. हात खिशात. "त्यांनी विचारलं, मला काही सुचेना," म्हणाला.

"सुचेना? मिरी सुचली आणि मी नाही सुचले?"

वहिनी मध्येच, "वन्सं, बिस्किट घ्या ना." बिस्किट घ्या! मी उठलेच. दाराशी दादा मागे आला. "मिरे, चाळिसाव्या वर्षाच्या रविवारचं पान काढतोय. फाटकाचं."

"कुठल्या फाटकाचं?"

"आपल्या," म्हणाला.

दाणदाण पायऱ्या उतरले. रागाने. पन्नास वर्षांत त्याने त्या फाटकाचं नाव काढलं नव्हतं.

११ मार्च, मंगळवार

एकदा लिहूनच टाकते.

मी आठ वर्षांची, दादा चौदाचा. फौजदार माझ्या पायांशी झोपायचा, माझ्या ताटलीतलं खायचा. दादाने हाक मारली की दुसरीकडे बघायचा. एका दुपारी आई-बाबा बाहेर गेले होते, घरी आम्ही दोघंच. मी झोपून उठले तर फाटक सताड उघडं आणि फौजदार नाही. बाबांनी आल्यावर विचारलं, "फाटक कुणी उघडं ठेवलं?" दादा म्हणाला, "शेवटी मिरी आत आली होती."

खोटं नव्हतं ते. शेवटी मीच आले होते. पण कडी मी लावली होती. माझा हात पोचत नसे, विटेवर चढून लावावी लागायची. मी चढले, लावली, उतरले आणि वीट भिंतीशी सरकवून ठेवली. मला वीट आठवते. आठ वर्षांच्या पोरीची वीट कोण ऐकून घेतं?

बाबा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी दोन महिने संध्याकाळी वाडगा घेऊन फाटकाशी उभी राहायचे. आमच्या घरात तो किस्साच झाला, मिरीने कुत्रा घालवला. आई शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा नर्सलाही हसत हसत सांगत होती, "ही भारी विसराळू हो, हिने आमचा कुत्रा घालवला." मी उशी नीट करत होते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

फाटक दादानेच उघडं टाकलं. सायकल काढली असेल आणि विसरला असेल. मला तेव्हाही माहीत होतं, आजही आहे. पण कबूल करायचं नाव नाही. उलट चाळीस वर्षं चित्रात फौजदार रोज हरवतो आणि शेवटच्या चौकटीत रोज परत येतो. एकदाही असं झालं नाही की आला नाही. पेन्सिल हातात असली की काय, कुत्रेही परत येतात. आणि मिरीचा मोठा भाऊ तर चित्रात दिसतच नाही. तो चौकटीबाहेरून ओरडतो, "मिरे, अभ्यास!" मी फुग्याची शेपटी चौकटीच्या कडेला नेऊन सोडते, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं, बाहेर कुणीतरी आहे. सगळ्यांना चित्रात घेतलं, पोस्टमनलासुद्धा, फक्त स्वतः तेवढा बाहेर. थोर माणूस!

१७ मार्च, सोमवार

पान आलं.

हात आवरून लिहिते, नाहीतर कागद फाटेल.

सहा चौकटी. पहिलीत मिरी झोपून उठते. दुसरीत सताड उघडं फाटक. तिसरीत ती वाडगा घेऊन उभी. चौथीत तीच, सावली लांब झालेली. पाचवीत मिरी पाठमोरी, इतकी लहान, आणि तिच्या डोक्यावर मोठा फुगा: "फाटक मी उघडं ठेवलं होतं." सहावीत रिकामा रस्ता. फौजदार नाही. खाली त्याच्या वेड्यावाकड्या निळ्या अक्षरात, "कुत्रा काढू नकोस."

फुग्याला नेहमीप्रमाणे शेपटी नाही. पण चौकटीत माणूस एकच असेल तर शेपटी त्याच्याचकडे जाते, यात विचारायचं काही नसतं. आमच्या धंद्यातला पहिला धडा आहे तो.

म्हणजे चाळिसाव्या वर्षी, सगळ्या वाचकांसमोर, मिरी कबुली देणार. माझ्या तोंडून. माझ्या अक्षरात. आई नर्सला सांगत होती, हा लाखभर घरांत सांगणार. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

आणि माझा कुत्राही परत आणला नाही या वेळी.

१८ मार्च, मंगळवार

झोप नाही. सकाळी पान पुढ्यात घेऊन बसले आणि एकदम दिसलं.

"फाटक मी उघडं ठेवलं होतं." वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. 'विसरले' लिहिलं असतं तर मिरी ठरली असती. 'विसरलो' लिहिलं असतं तर भाऊ. पण 'ठेवलं होतं' हे फाटकाच्या मागून चालतं. बोलणारी बाई की बाप्या, त्याला काही देणंघेणं नाही. इतकी वर्षं लिहितोस, दादा, आणि एवढी फट ठेवलीस?

एक अक्षर बदलायचं नाही. एक शब्द वाढवायचा नाही. फक्त शेपटी. मिरीच्या डोक्याकडे न नेता चौकटीबाहेर काढायची, मोठ्या भावाकडे. बस. कबुली त्याची होते. छापून आल्यावर करणार काय? माझे शब्द बदलले म्हणून ओरडायचीही सोय नाही. शब्द त्याचेच.

"तेवढी"ने काय काय होतं ते आता कळेल.

आज पोळलेल्या जिभेलाही चहा गोड लागला.

२० मार्च, गुरुवार

शाई फिरवली. इतकं मन लावून काम बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. पाचव्या चौकटीत कडेपर्यंत एक निळी वेडीवाकडी रेघ गेली होती, पेन्सिल घसरलेली. पूर्वी दादाच्या पानावर असा गबाळेपणा नसे. ती आधी खोडून टाकली. मग माझी शेपटी काढली, चांगली जाडजूड, लांबवर बाहेर जाणारी. आंधळ्यालाही कळावं, बोलणारा कुठे उभा आहे.

हे मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते.

"दादांना विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? शेपट्या माझ्याकडेच असतात."

या वेळी "बरं" म्हणाले नाहीत. म्हणाले, "तूच ती वाडगा घेऊन उभी असलेली पोर होतीस, होय ना?" मी म्हटलं, होय, मीच.

२४ मार्च, सोमवार

पान पोचतं केलं. एरवी छापायला जाण्याआधी दादाला दाखवते. या वेळी सांगितलं, वेळ नव्हता.

दुपारी त्याचा फोन. बोलणं हल्ली फार हळू झालंय, शब्द मोजून टाकतो. "मिरे, शेपटी नीट दिलीस ना?"

याला कळलं की काय! पण आवाज ढळू दिला नाही. "दिली की. चांगली जाडजूड."

"बरं झालं," म्हणाला. "मला वाटलं, तुला दिसेल की नाही."

काय दिसायचंय! मिरीचं एवढंसं डोकं मला दिसणार नाही? शेवटपर्यंत शिकवायची हौस जात नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. फोन ठेवून मी मोठ्याने हसले. मग उगीचच कपाट आवरायला काढलं.

३० मार्च, रविवार

आलं. पूर्ण पान, रंगात. शेपटी माझ्या अपेक्षेपेक्षा ठसठशीत उमटली आहे.

सकाळी सातपासून फोनची वाट बघते आहे. तो काय म्हणेल, मी काय म्हणेन, सगळं पाठ आहे. "शब्द तुझेच आहेत, दादा. मी अक्षरं तेवढी लिहिते." हे वाक्य तर आरशासमोर म्हणून बघितलं.

दहाला पुरवणीच्या संपादक बाईंचा फोन. सकाळपासून लोक विचारतायत, एक बाई तर म्हणे रडत होत्या. "अहो, तो भाऊ आता चित्रात दिसणार का? लोकांना त्याचं तोंड बघायचंय." मी म्हटलं, मलाही.

दादाचा फोन नाही. दुपार गेली. वाटलं होतं तसं बरं वाटत नाहीये. वाटेल. तो चिडला की वाटेल.

३१ मार्च, सोमवार

फोन आला नाही म्हणून मीच गेले. त्याचं पडलेलं तोंड बघायचंच होतं. जे झालं ते तसंच्या तसं लिहिते.

दादा खिडकीशी बसला होता. मांडीवर कालचं पान. उजवा हात पानावर, उघडा. कितीतरी महिन्यांनी मी तो हात खिशाबाहेर बघितला. मुठीत धरलेल्या पाखरासारखा हलत होता, थांबत नव्हता.

"आलीस?" म्हणाला. "शेपटी छान दिलीस."

पाठ केलेलं सगळं तोंडातच राहिलं. "तुला राग नाही आला?"

"कशाचा?"

वहिनी आतून कागदांची चळत घेऊन आल्या आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "हे बघा, वन्सं. तीन दिवस एवढंच करत होते. शेवटी म्हणाले, राहू दे, मिरीला कळेल." प्रत्येक कागदावर पाचवी चौकट, एक फुगा, आणि चौकटीबाहेर निघालेली शेपटी. निळी. कुठे कडेपर्यंत पोचलेली, कुठे मध्येच वळून मिरीच्या डोक्यात घुसलेली, कुठे नुसता गुंता. मी वीसपर्यंत बघितले, पुढचे बघवेनात.

घसरलेली पेन्सिल म्हणून जी रेघ मी खोडली, ती हीच होती.

"कधीपासून?" मी हाताकडे बघून विचारलं.

"दीड वर्ष झालं," वहिनी म्हणाल्या. "कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती. तुम्हाला तर मुळीच नाही. मुलाखतीत काय सांगणार होते? की हात चालत नाही, सगळं बहीणच काढते? रात्रभर जागे होते त्या दिवशी."

"मग सांगायचं ना मला!" मी ओरडलेच. "मी इकडे काय काय..." पुढे बोलले नाही. मी काय काय केलं ते त्यांना सांगून काय उपयोग? मी जे केलं तेच त्याला हवं होतं. इतका घोटून घोटून काढलेला सूड, तोही त्याचाच निघाला.

पण रिकाम्या हाताने जायचं नव्हतं मला. म्हटलं, "पन्नास वर्षं लागली तुला. फाटक लावायला विसरलास आणि माझ्यावर ढकललंस."

"विसरलो नव्हतो गं." तो पानाकडे बघत होता. "फुग्यात लिहिलंय ते बरोबर नाही. उघडं ठेवलं नव्हतं. उघडलं होतं."

वहिनी आत निघून गेल्या.

"त्याने माझी चित्रांची वही फाडली होती," दादा म्हणाला. "पहिली वही. मी कडी काढली आणि त्याला जा म्हटलं. तो जाईना. तुझ्या खोलीच्या दाराशी जाऊन बसला. मग ओढत नेला. तरी जाईना. मग दगड मारला."

मांडीवरचं पान घसरलं, ते मी उचललं नाही.

"कडी तू लावली होतीस," तो म्हणाला. "वीट भिंतीशी होती. मी बघितली होती."

मी उठून चपला घातल्या. तो मागे आला नाही, मीही वळून बघितलं नाही. सबंध रस्ता चालत आले. फाटकाचं दुःख मला पाठ होतं. पण खाली दुसरं एक होतं, ते मी या वहीतही लिहिलं नव्हतं. पन्नास वर्षं मला वाटत होतं, फाटक कुणीही उघडं टाकलेलं असो, फौजदार मला सोडून गेला. झोपेत होते तर हाकसुद्धा न मारता गेला.

तो गेला नव्हता. माझ्या दाराशी येऊन बसला होता. त्याला दगड मारावा लागला.

घरी आल्यावर ह्यांनी तोंड बघितलं आणि पंप बाजूला ठेवला. मी सगळं सांगितलं. रडले, शिव्या दिल्या, पुन्हा रडले.

२ एप्रिल, बुधवार

वहिनींचा निरोप होता, पुढची पानं आता येणार नाहीत. तुम्हीच काढा म्हणतायत. आणि मुलाखतवाल्यांना पत्र गेलंय, हाताचंही त्यात लिहिलंय. सकाळी टेबल पुसलं आणि पहिल्यांदा निळी पेन्सिल हातात घेतली.

लोकांना भावाचं तोंड बघायचंय ना? घ्या.

दादाला चौकटीत ओढून आणला. चौदा वर्षांचा, मोठे कान, गुडघ्यावर खरचटलेलं. फाटकाशी उभा केला आणि हातात वाडगा दिला. मिरी विटेवर बसून त्याच्यावर नजर ठेवून आहे. चारही चौकटींत तेच, फक्त सावली सरकते. फुगा एकच, शेपटी मिरीकडे: "दादा, तो येईपर्यंत हलायचं नाही."

दुपारी पान घेऊन गेले. त्याच्यासमोर धरलं. तो पुष्कळ वेळ बघत राहिला.

"किती दिवस उभं करणार आहेस?"

"मी दोन महिने उभी होते. तुला जास्त."

"आणि तो?"

"तो कधी यायचं ते माझं मी बघेन. तू दगड मारलायस, तू विचारायचं नाही."

त्याने मान हलवली. वहिनींनी चहा आणला, दोघांचेही कप अर्धेच. मी त्याचा कप खालून धरला आणि त्याने प्यायला. थोडा माझ्या बाहीवर सांडला.

माफ केलेलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की मिरी विसराळू आहे. उद्याही उभा राहील, परवाही. आता घरी येऊन शाई फिरवली. वाडगा जड आहे, त्याने दोन्ही हातांनी धरलाय. बोटं काढताना मी श्वास रोखून एकेक रेघ ओढली, आणि त्याचा हात जरासुद्धा हलत नाही.